तळ्यापर्यंतचं सामान

८ ऑक्टोबर २००५, शनिवार

स्कीचे बूट आणले. सनीवेलच्या एका गराज सेलमधून. निळे, प्लास्टिकचे, वजनाला एकेक वरवंटा. माझ्या मापापेक्षा एक नंबर मोठे आहेत, पण एक नंबर मोठं घ्यावं ही आमच्या नाशिकच्या घरची शिकवण. शाळेचे बूट, स्वेटर, फ्रॉक, सगळं पुढच्या वर्षाला पुरणारं. शिवाय विकणाऱ्या बाईने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात मिळाले, त्याचा आनंद वेगळाच.

निखिलने बूट उचलून पाहिले आणि जपून खाली ठेवले. "यार मृणाल, तू हे सीरियसली करणार आहेस?" म्हटलं, करणार.

गेल्या मार्चमध्ये चेअरलिफ्टवर डोरोथी शेजारी येऊन बसली नसती तर यातलं काहीच झालं नसतं. नि. च्या ऑफिसच्या ग्रुपबरोबर टाहोला बर्फात स्की करायला गेलो होतो. तो दोनदा आपटला आणि कॅफेटेरियात कॉफी घेऊन बसला. मी एकटीच वर. शेजारी ही अडुसष्ट वर्षांची बाई. म्हणाली, लिफ्ट ही आळशांची सोय. डोंगर आपल्या पायांनी चढायचा, त्याच स्कीवर, आणि मग उतरायचं. मला वाटलं थट्टा करते आहे. बोलता बोलता कळलं की ती सांता क्लारातच राहते, आमच्या घरापासून दोन सिग्नलवर.

९ ऑक्टोबर, रविवार

बूट डोरोथीला दाखवायला गेले. तिने मला ते घालायला लावले, पुढे झुकायला लावलं आणि म्हणाली, टाच उचल. आत माझी टाच खुशाल वर-खाली. "या बुटात तू जाशील एकीकडे आणि स्की दुसरीकडे. परत कर."

गराज सेलचं परत कसं करणार? कालचा आनंद तिथेच संपला.

मग तिने चहा केला (तिचा चहा म्हणजे गरम पाणी, पण मन मोठं) आणि खरं काय ते सांगितलं. सिएराच्या डोंगरांत तिचं एक तळं आहे. नाव सांगितलं, पण इथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही. १९७१ पासून दर मार्चला तिथे जाते, हेलन नावाच्या मैत्रिणीबरोबर. दोघी एकाच हॉस्पिटलात नर्स. गेल्या वर्षी हेलन मुलाकडे ॲरिझोनाला गेली, कायमची. आणि येत्या मे महिन्यात डोरोथीचा गुडघा बदलायचा आहे. त्यानंतर डोंगर जमेल की नाही, कोणी सांगत नाही. एकटीने जायचं नाही हा तिचा स्वतःचाच नियम.

"मार्चमध्ये माझ्याबरोबर येशील? पण नुसती सोबत नको आहे मला. मी बर्फाखाली गाडले गेले तर तू मला शोधून, खणून बाहेर काढायचंस. पाव तासाच्या आत. तू गेलीस तर मी तुला."

हो म्हणाले. घरी येताना पहिल्या सिग्नलला थांबले तेव्हा घाबरले.

पण खरं सांगायचं तर आनंदच जास्त. चार वर्षं झाली या देशात. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको, नोकरी करायची परवानगी नाही. लोक छान वागतात, पण मी कोणाला कशासाठी लागत नाही. डोरोथीला मी लागते आहे.

१५ ऑक्टोबर, शनिवार

डो. चं गणित: पैसे आधी पायात घाल, मग कानात. उरलेच तर बाकीच्यात. पाय म्हणजे बूट. कान म्हणजे बीकन, ते गळ्यात बांधायचं यंत्र, जे बर्फाखालच्या माणसाच्या यंत्राचा आवाज ऐकतं. स्की कुणाच्याही चालतात, जॅकेट पावसाचं असलं तरी भागतं, पँट तर तिची स्वतःची वीस वर्षांची आहे आणि मागून ठिगळ लावलेली.

म्हणून दुकानात जाऊन गेल्या वर्षीच्या मालातले बूट घेतले. नवे, माझ्याच मापाचे, रंग भयंकर नारिंगी म्हणून कुणी न घेतलेले. दुकानातल्या बाईने आतलं अस्तर गरम करून माझ्या पायावर बसवलं. दहा मिनिटं उभी राहिले. टाच हलत नाही. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मापाचं काही घातलं असं वाटलं.

निळे बूट बाल्कनीत आहेत. सासूबाई म्हणतात त्यात पुदिना लावू.

१६ ऑक्टोबर

सा. बा. बद्दल लिहायचं राहिलं. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. नारिंगी बूट बघून म्हणाल्या, "हे घालून कुठे जाऊन राह्यली गं?" म्हटलं, डोंगरावर. "अन् तिथे काय आहे?" म्हटलं, बर्फ. "फ्रीजमध्ये आहे ना बाप्पा."

२२ ऑक्टोबर, शनिवार

हेलनचं पोस्टकार्ड. माझ्या नावाने. ओळख ना पाळख. लिहिलंय, माझ्या स्की डोरोथीच्या गराजमध्ये आहेत, त्या तू घे. सोबतच्या स्किन्स पण. उभ्या ठेवू नकोस, चालव.

उंची माझ्याएवढीच असणार तिची, स्की बरोबर कपाळाला लागतात. बूट स्कीला अडकवायचं बाइंडिंग जुनं आणि जड, पण चढताना टाच सुटते आणि उतरताना खटकन बंद होते. डो. ने स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते माझ्या बुटांना जुळवलं. स्किन्स म्हणजे स्कीच्या तळाला लावायच्या लांब केसाळ पट्ट्या. केसांमुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. वरची बाजू चिकट, तिथे कायमचा गोंद.

हेलनला पत्र लिहायला बसले. चार वेळा फाडलं. शेवटी नुसतं लिहिलं, चालवीन.

२९ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा हावरटपणा नडला. ऑनलाइन जाहिरातीत जुनं बीकन मिळालं, पाण्याच्या भावात. डो. ने आपलं यंत्र शोधायला लावलं, माझं दिव्याच्या मागे ठेवलं आणि खोलीभर फिरली. तिचं यंत्र गप्प. म्हणाली, हे जुन्या फ्रिक्वेन्सीचं आहे, हल्लीची यंत्रं हे ऐकतच नाहीत. माझ्याकडे न बघता त्यातले सेल काढून टेबलावर ठेवले. "हे घालून तू माझ्या मागे चालली असतीस आणि तुला वाटलं असतं की तू सुरक्षित आहेस."

ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

३ नोव्हेंबर, गुरुवार

काल पाडवा. नि. ला ओवाळलं. तबकात एक खोका ठेवला त्याने. उघडला तर नवं बीकन.

सा. बा.: "सोन्याचं काही द्यायचं सोडून हे काय देऊन राह्यला रे?"

नि. म्हणाला, "आई, हिचं बाकी सगळं सेकंडहँड चालेल. हे नाही." तो आयुष्यात कधी डोंगरावर येणार नाही. पण रात्री जेवताना त्याने मॅन्युअल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि मला तीन प्रश्न विचारले. एकाचंच उत्तर आलं.

मी नशीबवान आहे. हे लिहून ठेवते, भांडण झालं की वाचायला.

१९ नोव्हेंबर, शनिवार

सराव. डो. चं जुनं बीकन सा. बा. लपवतात, मी शोधते. अपार्टमेंटच्या मागच्या लॉनवर. परवा तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं, पटकन सापडलं. आज काही केल्या सापडेना. अंतराचा आकडा वीस, पंधरा, आठ, मग पुन्हा बावीस. मी घामाघूम. वीस मिनिटं गेली. म्हणजे डोरोथी गेली असती.

मग पाहिलं तर सा. बा. लॉनवर शतपावली करत होत्या आणि बीकन त्यांच्या कमरेला, पदराखाली खोचलेलं. "तूच म्हणाली होती ना कुठेही लपवा म्हणून."

डो. ला फोनवर सांगितलं तर हसून हसून तिला ठसका लागला.

३ डिसेंबर, शनिवार

पहिला दिवस! पहाटे निघालो, साडेनऊला रस्त्याच्या कडेला गाडी लावली. सोपी वाट, झाडांतून, तीव्र उतार असा नाहीच. स्किन्स लावल्या आणि स्की खरंच मागे घसरेना. पुढे सरकवायची, वजन टाकायचं, दुसरी पुढे. डो. चा वेग आमच्या सा. बां. च्या शतपावलीचा. "घाम आला म्हणजे तू चुकते आहेस," असं तीनदा म्हणाली.

वर थांबलो तेव्हा कसलाच आवाज नव्हता. लिफ्टची घरघर नाही, गाणी नाहीत. उतरताना अकरा वेळा पडले. मोजले कारण डो. मोजत होती.

टाचेला फोड नाही. नारिंगी बुटांचा विजय असो.

५ डिसेंबर, सोमवार

स्किन्स वाळायला बाथरूममध्ये पडद्याच्या दांडीवर टाकल्या होत्या. सकाळी लायब्ररीत गेले. परत येऊन बघते तर दोन्ही पट्ट्या नीट घडी घालून, इस्त्रीच्या कपड्यांवर ठेवलेल्या. हात लावला. गुळगुळीत. पांढऱ्या.

सा. बा. खुशीत: "चिकटून राह्यले होते हाताला. पिठी लावून ठेवली तांदळाची. पापडाला लावतो ना, तशी."

चाळीसएक मिनिटं घासत होते. पीठ निघेना, गोंदात पार बसलं आहे. पट्टी स्कीला लावली की लोळत खाली येते. हेलनच्या पट्ट्या. ॲरिझोनातून एका अनोळखी बाईने विश्वासाने दिलेल्या.

मी बोलले. नको ते बोलले. "माझ्या वस्तूंना हात लावत जाऊ नका." यापेक्षा वाईट म्हणजे, "इथे माझं स्वतःचं असं एवढंच आहे."

त्यांनी पट्ट्या खाली ठेवल्या. आत जाऊन बसल्या.

६ डिसेंबर

घरात तिघं आणि आवाज फक्त कुकरचा. नि. दोघींच्या मध्ये मीठ-लोणचं सरकवत होता. चूक माझीच आहे. दांडीवर उघड्या टाकल्या त्या मी, आणि सांगितलं नाही ते मी. चिकट वस्तूला पिठी लावायची हे ज्या बाईने पन्नास वर्षं केलं ती दुसरं काय करणार? कळतं सगळं. तोंडातून माफी निघत नाही.

नव्या स्किन्सची किंमत पाहिली. पान बंद केलं.

१० डिसेंबर, शनिवार

डो. ला शेवटी कबूल केलं. वाटलं, आता म्हणेल की राहू दे, मार्चचं मी दुसरं कोणीतरी बघते. ती अर्ध्या तासात दारात. हातात जुनी इस्त्री, किराण्याच्या तपकिरी कागदी पिशव्यांचा गठ्ठा आणि गोंदाचा डबा. बाल्कनीचं दार सताड उघडलं, टेबल तिथे ओढलं. पट्टी उताणी पसरायची, वर कागद ठेवायचा, त्यावरून गरम इस्त्री. गोंद वितळतो, कागदाला चिकटतो, की सोलून काढायचा. जुना गोंद, पीठ, सगळं कागदाबरोबर. मग नवा गोंद लावायचा, पातळ, हातावर हात ठेवून वाट बघायची, पुन्हा पातळ.

पहिला कागद मी जाळला. दुसऱ्याला सा. बा. आतून आल्या. पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "दे इकडे. इस्त्री मला येते."

आणि काय येते! एका हाताने कागद ताणून, दुसऱ्याने इस्त्री, मनातल्या मनात काहीतरी मोजत, ठरावीक वेळी सोलून. कागद अखंड. डो. बघतच राहिली. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नाही. डो. इंग्रजीत "ब्युटिफुल" म्हणत होती, सा. बा. "हाव, हाव" म्हणत होत्या, आणि काम चालू.

मी मध्येच म्हटलं, आई, चुकलं माझं. मान वर न करता म्हणाल्या, "कागद दे दुसरा."

जाताना डो. ने दारात हळूच सांगितलं की हा गोंद तसाही सहा वर्षांचा होता, या हिवाळ्यात काढावाच लागला असता. खरं की माझ्यासाठी बनवलेलं, कळायला मार्ग नाही. विचारणारही नाही.

घरभर गोंदाचा वास आहे. पट्ट्या अशा चिकटतात की दोघांनी ओढाव्या लागतात.

१४ जानेवारी २००६, शनिवार

संक्रांत. तिळगूळ डोंगरावर खाल्ला. डो. ला "गोड बोला" चा अर्थ सांगितला. म्हणाली, मी पडते तेव्हा तूही गोड बोलत जा. आज ती एकदा पडली, मी चारदा. तिचा गुडघा उतरताना त्रास देतो. बोलत नाही, पण वळण घेताना ओठ आवळते.

बीकन शोधायला आज पाच मिनिटं. मग काठीने टोचून जागा धरायची, मग फावडं. खणणं हेच खरं काम. बर्फ घट्ट बसला की सिमेंट होतो. माझं फावडं डो. ने दिलेलं, धातूचं. प्लास्टिकचं स्वस्त पडलं असतं, ते एका घावात मोडतं म्हणाली.

१८ फेब्रुवारी, शनिवार

नि. चा प्रोजेक्ट हलतो आहे. डब्लिन, ओहायो. तीन एप्रिलला रुजू. तो बिचारा अपराध्यासारखा सांगत होता. ग्रीन कार्डाची फाइल या कंपनीकडे आहे, नाही म्हणायची सोय नाही. नकाशा उघडून पाहिला. ओहायोत डोंगर शोधत होते.

डो. ला सांगितलं. ती म्हणाली, मार्च अजून आपला आहे.

५ मार्च, रविवार

सा. बा. ना विमानतळावर सोडून आलो. जायच्या आधी डिंकाचे लाडू करून गेल्या, एक डबा आमचा, एक "त्या बाईचा". चष्म्याआडून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जाशील तर सांभाळून जा. अन् तिलाही सांभाळून आण." मी वाकले तर वाकू देईनात.

या बाईने मला काय दिलं ते मला आत्ता आत्ता कळायला लागलं आहे.

१८ मार्च, शनिवार

दमले आहे, तरी आजच लिहिते.

सबंध आठवडा बर्फ पडत होता, काल रात्री थांबला, पण वारा होता. पाच तास चालून आम्ही शेवटच्या कुरणात पोचलो. समोर एक उतार, वर खिंड. खिंडीपलीकडे तळं. तासाभराचं अंतर. आकाश निळंभोर.

कुरणात मधोमध आलो आणि पायाखालून आवाज आला. धप्प. खोल, मोठा, सगळं कुरण एकदम खाली बसल्यासारखा. माझ्या स्कीच्या टोकापासून एक भेग पळत पुढे गेली. डो. ने शिकवलं होतं, हा आवाज म्हणजे खालचा थर पोकळ आहे. उतारावर तोच थर सुटतो.

मी डो. कडे पाहिलं. ती उताराकडे बघत होती. मग म्हणाली, "पस्तीस वर्षं मी हे उतार वाचते आहे. पण आज माझं मन खरं बोलणार नाही. मला फार जायचं आहे. तू ठरव."

मी अकरा वेळा पडणारी. मी कोण ठरवणारी? म्हणावंसं वाटलं, चल, एवढी आलीस, मे महिन्यात तुझा गुडघा, एप्रिलमध्ये मी ओहायोत, पुन्हा कुठला मार्च. उताराच्या वरच्या कडेला वाऱ्याने बर्फाची गादी करून ठेवली होती, फुगलेली, गुळगुळीत. मला बीकन आठवलं, फावडं आठवलं. पाच मिनिटांत तुला शोधीन मी. पण तेवढा बर्फ मी एकटी खणू शकत नाही.

म्हटलं, मागे फिरू.

तिने लगेच स्की वळवली.

खाली झाडांत बसून लाडू खाल्ले. हात झटकून म्हणाली, "हेलन हो म्हणाली असती. आम्ही गेलो असतो आणि बहुतेक काहीही झालं नसतं. तू नाही म्हणालीस. थँक यू." मला रडू आलं आणि मी रडले.

२० मार्च, सोमवार

तो उतार सुटला की नाही, कळायला मार्ग नाही. तिथे कोणी गेलंच नसेल. कालपासून डोक्यात तेच. सुटला नसेल तर मी एका बाईचं शेवटचं तळं घालवलं, उगाच घाबरून. नि. ला म्हटलं. तो म्हणाला, "सुटला असता तर बरं वाटलं असतं का तुला?" नाही. पण खात्री तरी झाली असती.

डो. चा फोन आला नाही. मीही केला नाही.

२९ मार्च, बुधवार

सामान बांधणारे आले. उद्या पाडवा, आणि घरात गुढीला काठी नाही. सगळं ट्रकमध्ये. स्कीचं काय करायचं ते ठरेना. ओहायोत नेऊन काय करू? हेलनला परत पाठवू? डो. च्या गराजमध्ये ठेवू?

संध्याकाळी डो. स्वतःच आली. लाडवाचा रिकामा डबा द्यायला, आत अक्रोड भरून. अकरा दिवस फोन केला नाही कारण तिला वाईट वाटत होतं आणि ते मला ऐकू येऊ नये असं वाटत होतं. "वाईट तुझं नव्हतं. माझंच, माझ्या पायाचं." मी म्हटलं, माझा निर्णय चुकला असेल. ती म्हणाली, असेल. चुकीचं 'नाही' म्हणणारी माणसं म्हातारी होतात.

स्की ती घेऊन गेली. बूट आणि बीकन मी माझ्या बॅगेत घातलं. का ते विचारू नये.

१३ एप्रिल, गुरुवार. डब्लिन

सपाट. गवत, तळी (कृत्रिम, बदकांसकट), पुन्हा गवत. घर मोठं आहे. शेजारच्या कुलकर्णी काकू पहिल्याच दिवशी साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. माणसं सगळीकडे चांगली मिळतात मला. मन लागत नाही ते वेगळं.

डो. दर गुरुवारी फोन करते आणि बर्फाची बातमी देते. तिकडे एप्रिलमध्येही पडतोच आहे. ऑपरेशन नऊ मे.

२० एप्रिल, गुरुवार

डो. चा फोन. चार दिवस ऊन आहे. दिवसा वितळतं, रात्री गोठतं, थर बसत चालले आहेत. पुढचा आठवडाही असाच राहिला तर एकोणतीसच्या शनिवारी पहाटे निघून, ऊन चढायच्या आत खिंडीवर. तिने सगळं सांगितलं. बोलावलं नाही. दुसऱ्या कोणाला विचारलंस का, म्हटलं. नाही म्हणाली.

मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि दुपारभर घर पुसलं. स्वच्छच होतं.

नि. आला तेव्हा मी तिकिटं बघत होते. म्हटलं, शुक्रवारी जाते आहे, रविवारी येते, बर्फाने येऊ दिलं तर. त्याने बूट काढले, शेजारी बसला, आणि त्याच्या विमानप्रवासाच्या साठलेल्या माइल्सवर तिकीट निघतं का ते बघायला लागला. निघालं, येताना एक थांबा आहे. मग म्हणाला, "बीकनमध्ये सेल नवे टाक." मी त्याच्या हातावर हात ठेवला.

डो. ला फोन लावला. तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"येतेस?"

"येते. पण कुरणात पोचल्यावर उतार बघेन. पटला नाही तर तिथूनही परत."

"म्हणून तर तू हवी आहेस," ती म्हणाली.